बंबाचे देवपण

मनुष्यास जगण्यासाठी अन्न, वस्त्र आणि निवारा या तीन गोष्टी लागतात, असे आम्हांस सातवीच्या पुस्तकात शिकविले होते. सकाळचे कढत पाणी ही चौथी गोष्ट त्यात का घातली नव्हती, हे मला अद्याप उमगलेले नाही. सातवीनंतर मी शाळा सोडली. आठवीच्या पुस्तकात ती आली असल्यास माझी काही तक्रार नाही.

माझे नाव शांताराम. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या पत्र्यावर हातोडी चालविण्यात माझे आयुष्य गेले. एकाशेजारी एक ठोके घालीत भांडे घडविण्याच्या या विद्येस मठारकाम म्हणतात. तिच्या योगाने मनगट बळकट होते व कान अधू होतात, आणि संसारात दोहोंचाही उपयोग होतो. सांप्रत मी व आमचे कुटुंब गंगुबाई सिडनी शहराच्या कॅसल हिल भागात चिरंजीव निनाद आणि सूनबाई चिन्मयी यांच्या घरी वास्तव्यास आहोत. निनाद संगणकाच्या कंपनीत आहे. तेथे तो नेमके काय करतो हे मी त्यास अनेकदा विचारले. दर वेळी त्याने समजावून सांगितले आणि दर वेळी मी मान डोलावली.

पुण्याचे बिऱ्हाड मोडून येताना मी एक वस्तू हट्टाने सोबत आणली, ती म्हणजे माझा बंब. ज्यांनी बंब पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन करणे क्रमप्राप्त आहे. कमरेएवढे उंच तांब्याचे पिंप, त्याच्या पोटातून आरपार गेलेली नळी, खाली जाळी व राखेची जागा, बाजूस पितळी तोटी. नळीत काटक्या पेटवायच्या. भोवतालचे पाणी तापते आणि तोटीतून बादलीत येते. आयुष्यात मी कितीतरी बंब घडविले आणि विकले. निनाद जन्मला त्या वर्षी घडविलेला हा एक मात्र घरी ठेवला, आणि निनादचे बारशापासूनचे सर्व न्हाणे याच्याच पाण्याने झाले. सिडनीच्या बंदरावर अधिकाऱ्यांनी त्याच्या नळीत विजेरी घालून पाहिले. आत पुण्याची राख सापडली. परक्या मुलुखाची माती येथे चालत नाही, या कारणास्तव त्यांनी त्यास औषधी पाण्याने न्हाऊ घातले. इतकी काळजी विमानतळावर माझी कोणी घेतली नाही.

घरामागे निलगिरीची मोठाली झाडे आहेत. ती वर्षभर काटक्या आणि सालपटे गाळीत असतात व येथील लोक ती गोळा करून कचऱ्याच्या हिरव्या डब्यात टाकतात, हे पाहून मला प्रथम फार वाईट वाटले. मी रोज पहाटे मागच्या अंगणात बंब पेटवीत असे आणि कपडे धुण्याच्या खोलीत, म्हणजे येथील लाँड्रीत, फरशीवर बादली घेऊन स्नान करीत असे. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने सरकार ज्या दिवशी जाळ करण्यास मनाई करी, त्या दिवशी मी गार पाण्याने स्नान करून सरकारचा उद्धार करी. शेजारच्या गृहस्थाचा असा समज होता की, हे मांस धुरावण्याचे यंत्र आहे. तो कुंपणावरून अंगठा वर करून "गुड ऑन या, मेट" म्हणे, आणि मी माळकरी घराण्यातला मनुष्य त्यास हात हलवून उत्तर देई.

घरातील इतर मंडळींचे पाणी विजेच्या टाकीत तापे. गेल्या हिवाळ्यात ती टाकी गळू लागली, तेव्हा निनादने ठरविले की आता हीट पंप बसवायचा. हे यंत्र बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून घेते व पाण्यास देते, असे त्याने सांगितले. जुलै महिन्याच्या पहाटे गवतावरचे दव गोठलेले असताना हवेत उष्णता कोठून येणार, असे मी विचारले.

"असते, बाबा. आपल्याला जाणवत नाही एवढंच."

परमेश्वराविषयीही मला लहानपणी हेच सांगण्यात आले होते, म्हणून मी वाद वाढविला नाही.

या यंत्रासाठी सरकार अनुदान देते. ते मिळवून देणारा धवल नावाचा इसम हॅरिस पार्क नावाच्या वस्तीत एका मिठाईच्या दुकानावर कचेरी थाटून बसला होता. त्यामुळे त्याच्या कागदपत्रांनाही तुपाचा वास येई. तो घरी आला, सोफ्यावर ऐसपैस बसला आणि मला म्हणाला, "अंकल, आप टेन्शन मत लो, सब गव्हर्नमेंट देख लेगी." हे वाक्य ऐकून ज्याचे टेन्शन गेले असा मनुष्य मी दोन्ही देशांत पाहिला नाही.

पहिला नियम असा होता की, चालू टाकी काढली तरच अनुदान. बंद पडलेली काढली, तर ती बदली ठरत नाही, नवी खरेदी ठरते. आमची टाकी तर घरघर लागलेल्या अवस्थेत होती. तेव्हा धवल छायाचित्र काढण्यास येईपर्यंत तिला जिवंत ठेवणे हे कुटुंबाचे कर्तव्य होऊन बसले. निनादने गळत्या जागी चिकटपट्ट्या लावल्या. चिन्मयी ऑफिसच्या मीटिंगा सोडून अंगणात जाई, टाकीच्या अंगास हात लावी आणि आत येऊन "कोमट आहे अजून" असे सांगे. माझे वडील इस्पितळात अत्यवस्थ होते, तेव्हाही आमची इतकी धावपळ झाली नव्हती.

अखेर धवल आला. त्याने प्रथम जिवंत टाकीचे छायाचित्र घेतले. नंतर प्लंबरने तिची तार कापली व पुन्हा कोणी वापरू नये म्हणून तिच्या पोटास ड्रिलने भोक पाडले. मग मृत टाकीचे छायाचित्र घेण्यात आले. हयातीचा दाखला आणि मृत्यूचा दाखला एकाच सकाळी मिळविण्याचे भाग्य फार थोड्यांस लाभते.

त्यानंतर नव्या यंत्राची जागा. ती शेजाऱ्याच्या खिडकीपासून दूर, आमच्या खिडकीपासून दूर, कुंपणापासून दूर आणि तरीही घराला चिकटून असावी, असा नियम होता. धवल, प्लंबर आणि निनाद हे तिघे हातात फीत घेऊन घरास प्रदक्षिणा घालीत राहिले. शेवटी गंगुबाईची तुळस होती तेवढीच जागा नियमात बसली. तुळस उठली, यंत्र बसले. गंगुबाईने त्या दिवशी धवलला चहा दिला, पण साखर विसरली. शेवटची अट अशी की, यंत्राने केवळ दुपारी, छपरावर ऊन असताना चालावे. ती वेळ बदलली की दूर कोठेतरी कचेरीत कळते व अनुदान परत मागतात. ज्या वेळी कोणी आंघोळ करीत नाही त्याच वेळी पाणी तापवावे, ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली त्या डोक्यास एकदा उटणे लावावे असे मला वाटले.

हे सर्व निर्विघ्न पार पडले आणि मग कचेरीतून ईमेल आले. मृत टाकीच्या छायाचित्रात मागच्या कोपऱ्यात माझा बंब उभा होता, आणि दुर्दैवाने त्याच्या डोक्यातून धूर निघत होता. कचेरीने लिहिले होते की, आवारात पाणी तापविण्याचे दुसरे साधन आढळले आहे, ते निकामी केल्याशिवाय अनुदान मंजूर होणार नाही, आणि खात्री करण्यास अधिकारी येईल. निकामी करणे म्हणजे काय, ते आम्ही नुकतेच डोळ्यांनी पाहिले होते.

निनाद माझ्याजवळ येऊन बसला. लहानपणी पाटी फोडून आल्यावर तो असाच बसत असे.

"बाबा, एकच होल. दहा मिलिमीटरचं. नंतर त्यात झाड लावू. मस्त प्लँटर होईल."

"तुझ्या पोटाला पाडतो दहा मिलिमीटरचं," मी म्हणालो. "त्यात मनीप्लांट लावू."

चिन्मयी हसू आवरण्यासाठी स्वयंपाकघरात गेली. निनाद हसला नाही. अनुदान न मिळाल्यास सर्व भुर्दंड त्याच्या माथी बसणार होता आणि मी त्याच्या घरात राहत होतो. या दोन्ही गोष्टी तो बोलला नाही. परंतु माझ्या अधू कानांसही त्या स्पष्ट ऐकू आल्या.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना मी ड्रिल घेऊन अंगणात गेलो. भोक पाडायचेच तर परक्या प्लंबरने का, ज्याने ठोके घातले त्यानेच पाडावे, असा माझा विचार होता. कोठे पाडले असता कमी दिसेल हे शोधीत मी बंबावरून हात फिरवीत राहिलो. तळाशी एक ठोका किंचित तिरपा पडला होता. निनाद जन्मल्याचा निरोप आला तेव्हा हातोडी घसरली होती, तो तो ठोका. मी ड्रिल परत डब्यात ठेवले आणि निनाद आल्यावर त्यास सांगितले की, बॅटरी उतरली होती.

मार्ग चिन्मयीने शोधला. ती वकील नाही, परंतु व्हिसाचे अर्ज भरून भरून तिला नियमांच्या पोटात शिरण्याची सवय झाली आहे. योजनेच्या नियमांत शेवटाजवळ एक कलम होते: ज्या वस्तू पूजेअर्चेच्या आहेत व ज्यांस घराचा नळ जोडलेला नाही, त्या पाणी तापविण्याचे साधन समजल्या जाणार नाहीत.

"मग ठरले," मी म्हणालो. "बंब हा आमचा देव आहे."

गंगुबाई मटार सोलीत बसली होती. तिने मान वर न करता सांगितले, "खोटं बोलायचं नाही. अधिकारी असला म्हणून काय झालं, दारात आलेल्या माणसाशी खोटं नाही बोलायचं."

"मग काय भोक पाडू?"

"देव म्हणायचं तर देव करायचा. सुपारीचा गणपती होतो, नारळाची गौर होते, बंबानं काय घोडं मारलंय?"

रविवारी तिने बंब चिंचेने घासला. तो इतका उजळला की, निनादला त्यात आपले वाढलेले पोट दिसले व तो थोडा वेळ उदास झाला. पाट, रांगोळी, झेंडूचा हार, हळदकुंकू अशी सर्व सिद्धता झाली. प्राणप्रतिष्ठेचे मंत्र मोबाइलवर लावले होते. ऐन मंत्राच्या मध्ये मोटारीच्या विम्याची जाहिरात सुरू झाली आणि ती संपेपर्यंत आमचा देव अर्धवट अवस्थेत तिष्ठत राहिला. आरती झाली. चिन्मयीने त्याचे नाव बंबेश्वर ठेवले. गंगुबाईने सर्वांस बजावले की, यापुढे त्यास पाय लागला तर नमस्कार करायचा.

अधिकारी आला तो तिशीतला तरुण होता. अंगात पिवळे जाकीट, पायांत पोलादी टोकाचे बूट, हाती टॅब्लेट. नाव अनुप, एवढेच त्याने सांगितले. चिन्मयीने पाठ केलेले इंग्रजी भाषण सुरू केले. त्यात आमचे घराणे, आमची परंपरा आणि ताम्रधातूचे पावित्र्य यांचा समावेश होता, आणि त्यातील बरेचसे मी स्वतः प्रथमच ऐकत होतो. मी बाजूस उभा राहून घंटा वाजवीत होतो. देवापुढे बूट काढावे, अशी गंगुबाईने खूण केली. कामाच्या जागी बूट काढण्यास मनाई आहे, असे त्याने नम्रपणे इंग्रजीत सांगितले. त्याने बंबाभोवती फेरी मारली, वाकून जाळी पाहिली आणि तोटी हळूच फिरविली. त्याच्या तळहातावर पाण्याचा थेंब पडला.

"तीर्थ," मी घाईघाईने म्हणालो.

त्याने थेंबाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"काका," तो मराठीत म्हणाला, "आमच्या उमरेडच्या घरी असाच देव होता. आई रोज सकाळी त्याच्या पोटात कापसाच्या पऱ्हाट्या घालायची."

माझ्या हातातील घंटा आपोआप थांबली. निनाद आकाशाकडे पाहू लागला. चिन्मयीचे इंग्रजी मध्येच संपले. उमरेड नागपूरच्या पलीकडे आहे, आणि ते कॅसल हिलमध्ये येऊन उभे राहील अशी तरतूद आमच्या योजनेत नव्हती.

गंगुबाई मात्र डगमगली नाही. "शनिवारपर्यंत बंबच होता रे," ती म्हणाली. "रविवारी देव केला."

"नियमासाठी?"

"नियमासाठीच. पण केला तो खराखुरा. आरती झाली, प्रसाद झाला. हवा तर शिरा देते, उरलाय."

अनुपने टॅब्लेट काखेत धरले. "मावशी, मी बौद्ध आहे. देव मी मानत नाही. नियम मानावे लागतात, नोकरी आहे. आता नियम काय विचारतो, की घरची माणसं ह्याची पूजा करतात का? करतात, मला दिसतंय. देव कधीपासून आहे, असा कॉलम नाही." मग त्याने पुन्हा जाळीकडे पाहिले. "एकच विचारायचं राहिलं. ह्याच्या पोटात जाळ घालणार नाही ना?"

अधूनमधून, असे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. परंतु गंगुबाई आधी बोलली.

"देवाच्या पोटात जाळ? नाही रे बाबा. शब्द देते."

त्याने टॅब्लेटवर बोट टेकविले आणि काम संपले. शिरा त्याने उभ्यानेच खाल्ला. गंगुबाईने त्यास दिवाळीच्या फराळाचे आमंत्रण दिले, तेव्हा तो म्हणाला, "दिवाळी मी करत नाही, मावशी."

"आणि चकली?"

"चकली पण करत नाही. खातो."

अनुदान मंजूर झाले. बंब शाबूत राहिला. आठवडाभर सभ्यपणे थांबून एके पहाटे मी काटक्या घेऊन त्याच्याकडे निघालो, तो गंगुबाई दारात उभी.

"शब्द दिलाय," ती म्हणाली.

"तो तू दिलास. मी नाही."

"तुमच्या वतीनं दिलाय. लग्नाला होकार तरी तुम्ही कुठे दिला होता? तुमच्या आईनंच दिला. निभावला ना?"

मी काटक्या परत ठेवल्या आणि त्या दिवसापासून फवाऱ्याखाली उभा राहून स्नान करू लागलो. पावसात सापडलेली म्हैस जशी उभी राहते तसा मी उभा राहत असे. ज्या भांड्यास मी स्वतः जन्म दिला, त्याच्यापुढे मला चपला काढाव्या लागत. त्यास भोक पडू नये म्हणून मी त्यास देव केले होते, आणि देव झाल्यामुळे तो मला भोक पडलेल्या भांड्याइतकाच निरुपयोगी झाला होता. एखाद्यास मोठ्या पदावर बसवून कायमचे रिकामे ठेवावे, अशी पद्धत कचेऱ्यांतून असल्याचे मी ऐकून होतो. घरी ती मीच आणली.

प्रकरण येथे थांबले असते तरी मी सोसले असते. परंतु पलीकडच्या गल्लीतील विनीताबाईंनी बंबेश्वर पाहिला. त्यांची मुलगी येथील निवडक सरकारी शाळेच्या प्रवेशपरीक्षेस बसली होती. कॅसल हिलमधील मराठी माणसास या परीक्षेपुढे जन्ममरण गौण वाटते. विनीताबाईंनी बंबास नारळ बोलला. ऑगस्टअखेर निकाल लागला आणि मुलीस प्रवेश मिळाला. मुलगी तीन वर्षे शनिवार-रविवार शिकवणीस जात होती, ही गोष्ट त्या दिवशी कोणासही आठवली नाही. संध्याकाळपर्यंत बातमी सर्व व्हॉट्सॲप गटांत पोहोचली.

त्यानंतर शनिवारी सकाळी आमच्या कुंपणाबाहेर मोटारी उभ्या राहू लागल्या. कोणास परमनंट रेसिडेन्सी हवी होती, कोणास घराचे कर्ज. एका गृहस्थाने आपल्या हीट पंपाचे अडकलेले अनुदान सुटावे म्हणून बंबास साकडे घातले. ते ऐकून मी आत निघून गेलो. नारळ फोडण्याचे काम, मनगट बळकट असल्यामुळे, माझ्याकडे आले. खोबऱ्याच्या वड्या, खोबऱ्याची चटणी, खोबऱ्याचे सारण असे खाऊन निनादचे पोट बंबाच्या आकारास येऊ लागले. मी करवंट्या मात्र फेकल्या नाहीत. बंबास करवंटीसारखे जळण नाही. एकदा पेटली की वाफाळते पाणी देऊनच विझते. शेडमध्ये मी त्यांची रास रचीत गेलो आणि संध्याकाळी तिच्याकडे पाहत बसू लागलो. वाण्याच्या दुकानापुढे उपाशी मनुष्य बसतो, तसा.

दिवाळी आली. निनादचा मित्र गुरुदत्त कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत अभियंता आहे. तो बायकोमुलांसह आमच्याकडे उतरला. त्या गावची तांबडी धूळ म्हणे कातडीत मुरते, म्हणून आदल्या संध्याकाळी ते सर्व जण एकामागून एक मनसोक्त न्हाले. नळ वाहताना मला ऐकू येत नव्हता. परंतु न्हाणीघराच्या दाराखालून येणारी वाफ मला दिसत होती.

नरक चतुर्दशीची पहाट उजाडण्याआधी गंगुबाईने सर्वांस उठविले. पाटाभोवती रांगोळी, वाटीत उटणे, कारीट येथे मिळत नाही म्हणून पायाखाली फोडण्यास चेरी टोमॅटो. गुरुदत्तच्या दोन्ही मुलांना नखशिखांत तेल लावून झाले. नळ सोडला तर पाणी बर्फासारखे. निनाद मोबाइल काढून यंत्राची मनधरणी करू लागला. यंत्राने कळविले की दुपारी पाहू. वेळ बदलली तर कचेरीत कळणार होते, म्हणून तो त्यास अधिक काही बोलूही शकत नव्हता. तेलाने माखलेली मुले अंगणाच्या दारात कुडकुडत उभी होती. त्यातील धाकटा इंग्रजीत विचारीत होता की, आपण असे काय केले आहे.

सूर्योदयापूर्वी जो अभ्यंगस्नान करीत नाही तो नरकात जातो, याची गंगुबाईने आठवण करून दिली.

"नरकात निदान पाणी कढत असते," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले, तेलकट मुलांकडे पाहिले, आणि पदर खोचून अंगणात गेली. मी मागोमाग गेलो. तिने बंबेश्वरास हळदकुंकू वाहिले, निघालेल्या माणसाच्या हातावर ठेवतात तशी दहीसाखर त्याच्यापुढे ठेवली, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि काहीतरी पुटपुटली. त्यातील "पुनरागमनाय च" एवढे मला समजले. मग तिने दोन्ही हातांनी बंब किंचित ढकलला. तळ फरशीवर करकरला.

गणपती पोहोचविण्याआधी अशीच उत्तरपूजा करतात. अक्षता वाहून मूर्ती जागची जराशी हलविली की देव निघून जातात व मागे माती उरते. ही गोष्ट मराठी घरातील शेंबड्या पोरासही ठाऊक असते. इतके महिने ती मला सुचली नाही. गंगुबाईस सुचली असावी. परंतु फवाऱ्याखाली उभा असलेला मी, ही तिच्या दृष्टीने पुरेशी अडचण नसावी.

"गेले," ती म्हणाली. "आता बघताय काय? पेटवा."

मी करवंट्या आणल्या. भक्तांचे नवस, रेसिडेन्सी, गृहकर्जे, सर्व नळीत भरले आणि काडी लावली. हिवाळ्यापासून भुकेला असलेला बंब असा फुंकार टाकून पेटला की, निनाद दोन पावले मागे सरला. थोड्याच वेळात पाणी सळसळू लागले. प्रथम मुले न्हाली, मग मोठी माणसे. धाकट्याने पहिला तांब्या अंगावर घेतला आणि "इट स्मेल्स लाइक अ बार्बी" असे, म्हणजे अंगणात मांस भाजतात तसा वास येतो असे, म्हणून दुसऱ्यासाठी डोके पुढे केले. निनाद न्हाऊन आला, तेव्हा त्याचे कान लहानपणी होत असत तसे लाल झाले होते. तो माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि एकेक करवंटी मोडून मला देऊ लागला.

मी फुंकणी तोंडाला लावून बसलो होतो. बाजूचे फाटक वाजलेले मला ऐकू आले नाही. निनाद ताडकन उभा राहिला, म्हणून मी मान वळविली. अनुप उभा होता. जाकीट नव्हते, बूट नव्हते. साधा कुडता, पायांत चपला, हातात मिठाईचा डबा. तो धुराकडे पाहत होता.

"मावशी," तो म्हणाला, "देव कुठायत?"

गंगुबाई चकल्यांचे ताट घेऊन बाहेर येत होती. ती ताट घेऊन तशीच उभी राहिली. "पहाटे उत्तरपूजा केली. गेले."

"मग हा कोण?"

"हा बंब. देवाच्या पोटात जाळ घालणार नाही म्हणाले होते. नाही घातला."

अनुपने बंबाकडे पाहिले. त्याच्या पलीकडे, तुळशीच्या जागी, नवे यंत्र दुपारची वाट पाहत मुकाट उभे होते.

"बंब असला तर त्याला भोक पाडावं लागतं," तो सावकाश म्हणाला.

मी फुंकणी हातात घेऊन उठलो आणि बंबाच्या आणि त्याच्या मध्ये उभा राहिलो. फुंकणीने काय करणार होतो ते मला सांगता येणार नाही. पाठीस ऊब लागत होती.

"तू कामावर कधी?" गंगुबाईने विचारले.

"आज रविवार. उद्या."

"उद्या ये की मग. संध्याकाळी राख काढते, घासते आणि परत बसवते. विनीताच्या धाकट्याची परीक्षा आहे पुढच्या वर्षी, देव नसून कसं चालेल?"

"आणि पुढच्या दिवाळीला?"

"पुढच्या दिवाळीला पण फराळाला ये. सुट्टी बघून."

सरकारचा सर्व कायदा त्याच्या कपाळावरून एकदा इकडून तिकडे गेलेला मला दिसला. मग त्याने मिठाईचा डबा निनादच्या हाती दिला, चपला काढल्या आणि विजारीचे पाय वर दुमडू लागला.

"काका, इकडे आल्यापासून असं पाणी अंगावर घेतलं नाही," तो म्हणाला. "अर्धी बादली निघेल?"

मी तोटी सोडली. बादलीतून धुराच्या वासाची वाफ वर आली. त्याने बोट बुडविले आणि चटका बसून झटकन मागे घेतले.

"विसण घाला, काका. लई कढत आहे."

विसणासाठी गार पाणी हवे होते. मी दुसरी बादली घेऊन लाँड्रीत गेलो आणि अनुदानित यंत्राची, कढत पाण्याची म्हणून लाल खूण केलेली तोटी सोडली.